जुनं लाकूड घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वाडे पडतात, चाळींचा पुनर्विकास होतो आणि दोन-तीन पिढ्यांनी वापरलेली कपाटं, पलंग, खुर्च्या बाजारात येतात. या वेळच्या पत्रांचा रोख त्यांच्यावरच आहे. वस्तू आवडली आहे, पण ती आतून धड आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं बहुतेकांनी विचारलं आहे.

प्रश्न : जुन्या फर्निचरच्या दुकानात दोन दारांचं सहा फुटी सागवानी कपाट पाहून ठेवलं आहे. खाली दोन खण आहेत. दुकानदार ते नव्वद वर्षांचं असल्याचं सांगतो. पॉलिश मात्र नवंकोरं आहे. पुन्हा जाईन तेव्हा अर्धा तास मिळेल. त्या वेळात नेमकं काय बघू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी बघा. पॉलिश तिथेच केलेलं असतं आणि जे झाकायचं ते तिथेच झाकलेलं असतं. आधी कपाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढायला सांगा. दुकानदार नाही म्हणाला, तर तिथेच थांबा. सोबत चांगली टॉर्च, मोजपट्टी, एक दाभण आणि पांढऱ्या कागदाचे दोन-तीन ताव असू द्या. लोहचुंबकही खिशात ठेवा. पितळेच्या म्हणून दाखवलेल्या कड्या-मुठी पुष्कळदा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात, चुंबक लगेच चिकटतो.

सुरुवात पायांपासून करा. कपाट कुजायला लागतं ते नेहमी खालच्या तीन-चार इंचांत. वर्षानुवर्षं फरशी पुसताना पाणी लागतं आणि पायाच्या तळाचं उघडं लाकूड ते नळीसारखं वर ओढून घेतं. पायाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, दाभणाचं टोक अंगठ्याने दाबा. धड सागवानात ते जेमतेम शिरून अडतं. लोण्यात गेल्यासारखं पाच-सहा मिलिमीटर आत गेलं, तर तो पाय संपला. पाय बदललेले असतील तर जोड कसा दिला आहे ते बघा. दोन्ही तुकडे लांब तिरके कापून एकमेकांवर बसवले असतील तर काम जाणत्या सुताराचं आहे, चिंता नको. सपाट कापून खिळे मारले असतील तर कपाट सरकवताना तो पाय कधीतरी निखळणार.

मग पाठ बघा. वाळवीने बांधलेली मातीची नळी खरवडून टाकता येते, पण लाकडावर तिचा मातकट, शिरेसारखा डाग राहतो. असा डाग दिसला की त्याच्या रेषेत वरखाली बोटाने टकटक करत जा. आवाज मध्येच पोकळ झाला तर तिथे दाभण लावा. पाठीला फळ्यांऐवजी प्लाय असेल तर पाठ नंतर बदललेली आहे. तेवढ्यावरून कपाट नाकारू नका, किंमत मात्र त्या हिशेबाने ठरवा.

आता खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटे करा. जुन्या कामात खणाच्या कोपऱ्यांना डव्हटेल असते, म्हणजे पंख्यासारखे दात एकमेकांत गुंतवलेले. हाताने कापलेले दात थोडे कमीजास्त रुंद असतात, बाजूला पटाशी आणि रेघ मारायच्या खतावणीची बारीक खूण दिसते. सगळे दात अगदी सारखे असतील तर ते यंत्राचं काम आहे. खणाच्या बाजूच्या फळ्या खालून घासून कमानीसारख्या झालेल्या असतात. ही झीज खऱ्या वापराची आहे आणि तिथे लाकडाची पातळ पट्टी बसवून ती सहज दुरुस्त होते.

कपाटाची चौकट सरळ आहे का, हे डोळ्याने कळत नाही. मोजपट्टीने दोन्ही कर्ण मोजा : डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा, मग उजवा वरचा ते डावा खालचा. सहा फुटांच्या कपाटात दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. फरक आठ-दहा मिलिमीटर असेल तर कपाट एका अंगाला कललेलं आहे. पण लगेच निष्कर्ष काढू नका, दुकानाची फरशीच तिरकी असू शकते. जो पाय अधांतरी वाटतो त्याच्याखाली कागदाच्या घड्या सरकवा आणि पुन्हा मोजा. फरक नाहीसा झाला तर दोष फरशीचा. कायम राहिला तर सांधे सैल आहेत किंवा चौकटच पिळली आहे. सांधा सैल असेल तर तो हलताना दिसतो. कपाटाचा वरचा कोपरा तळहाताने हळू ढकला आणि आडवी पट्टी पायाला मिळते तिथे दुसऱ्या कुणाला टॉर्च धरायला सांगा. केसाएवढी फट उघडमीट करत असेल तर सरस मेलेला आहे.

सरस मेला म्हणजे कपाट गेलं, असं मुळीच नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जुना सरस गरम पाण्याने सुटतो. सांधा पूर्ण उघडून, खाच साफ करून नव्याने बसवता येतो, आणि हीच जुन्या कामाची मोठी खुबी आहे. अडचण येते ती मधल्या काळात कुणी तिथे पांढरा डिंक ओतला असेल, खिळे ठोकले असतील किंवा लोखंडी एल पट्टी मारली असेल तर. वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर नवा डिंक धरत नाही, तो आधी खरवडावा लागतो आणि त्यात खाचेचं लाकूडही जातं. वयाच्या दाव्यासाठीही ही खूण उपयोगी आहे. फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. तुमच्या कपाटाच्या सांध्यातून तसे पांढरे, नखाने सोलवटणारे ओघळ दिसले, तर तो सांधा नक्कीच नंतर उघडला गेला आहे. तसंच स्टार स्क्रूचं. तो १९३० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आला, आपल्याकडे त्याहून उशिरा. बिजागरीला स्टार स्क्रू असतील तर दुकानदार खोटंच बोलतो असं नाही, बिजागऱ्या बदललेल्या असतील. शेजारी जुन्या बिजागरीची बुजवलेली भोकं आणि तिच्या आकाराची फिकट सावली शोधा.

आता पुढून बघा. टॉर्च सरळ न मारता पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. पुट्टी भरलेली जागा लगेच वेगळी पडते, कारण तिच्यात लाकडाची रेषा नसते, सपाट ठिपका दिसतो. एखादी चीर, एखाद्या खिळ्याचं भोक भरलं असेल तर हरकत नाही. पण दाराच्या खालच्या पट्टीत किंवा बिजागरीजवळ तळहाताएवढी पुट्टी असेल तर तिथे लाकूड उरलेलं नाही. पॉलिश लाखेचं आहे की मेलामाईन-पीयूचं (पॉलियुरेथेनचं), म्हणजे रासायनिक, हेही कळू शकतं. दुकानदाराला विचारून दाराच्या आतल्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिटचा थेंब लावा. लाखेचं फ्रेंच पॉलिश मिनिटभरात चिकट होतं, पीयू ढिम्म राहतं. लाखेचं असेल तर उद्या ओरखडा पडला तरी तेवढीच जागा नीट करता येते.

ओरखडे, पाण्याची पांढरी वर्तुळं, फुटलेला आरसा, हरवलेली किल्ली, तुटकी मूठ यांत आमच्या मते वेळ घालवू नये. घेऊ नये असं कपाट तीनच कारणांनी ठरतं : मुख्य चौकटीत जिवंत कीड, सांध्याच्या खाचेपाशीच आरपार तडकलेला पाय, आणि पिळलेली चौकट. पिळलेलं लाकूड कुणीही सरळ करून देत नाही.

प्रश्न : एका ओळखीच्या घरातून सागवानी पलंग घेतोय. बाजूच्या एका पट्टीला टाचणीच्या डोक्याएवढी पंधरा-वीस भोकं आहेत. हात मारला तर थोडी पांढरी पूड पडते. ते म्हणतात, कीड जुनी आहे, मेलेली आहे. खरं असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : असू शकतं. पण हात मारल्यावर पडलेल्या पुडीवरून काहीच ठरत नाही. भुंगा वीस वर्षांपूर्वी मेला तरी पूड बोगद्यात भरलेली राहते आणि धक्का लागला की खाली येते. पट्टी आधी ब्रशने आणि जमलं तर व्हॅक्यूमने पूर्ण साफ करा. भोकांभोवती पेन्सिलने गोल करा, खाली काळा कागद पसरा आणि पलंगाला आठ-दहा दिवस अजिबात हात लावू देऊ नका. कुणी न हलवता कागदावर पुडीची छोटी टेकडी झाली, किंवा पेन्सिलच्या गोलांबाहेर नवं भोक दिसलं, तर कीड जिवंत आहे. ओळखीचं घर आहे, तेवढे दिवस मागायला संकोच करू नका.

तेवढा वेळ मिळणार नसेल तर भिंग घेऊन एक-एक भोक बघा. ताज्या भोकाची कडा स्वच्छ, फिकट, नुकत्याच कापलेल्या लाकडासारखी असते. जुन्या भोकाची कडा काळवंडलेली असते आणि पॉलिश आत उतरलेलं असतं. भोकाच्या आतल्या भिंतीवर पॉलिश चकाकत असेल तर ते भोक शेवटच्या पॉलिशच्या आधीचं, एवढं पक्कं.

पूड दोन बोटांत चोळून बघा. टाल्कम पावडरसारखी मऊ असेल आणि भोकं एक-दोन मिलिमीटरची असतील तर हा पावडर पोस्ट जातीचा भुंगा. पूड न लागता खसखशीसारखे कोरडे दाणे हाताला लागले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भिंगाखाली त्या दाण्यांना सहा कडा दिसतात. हिला जमिनीची ओल लागत नाही, मातीची नळीही ती बांधत नाही, म्हणून पुष्कळदा ती ओळखूच येत नाही. लाकूड वरून शाबूत दिसतं आणि आतून पापडासारखं झालेलं असतं. खसखस दिसली तर पट्टीवर इंचा-इंचाने टकटक करा.

तुमच्या पलंगाबद्दल आशा ठेवायला जागा आहे, कारण लाकूड सागवान आहे. भुंग्याच्या अळीला लाकडातलं पिष्ट हवं असतं आणि ते सालीलगतच्या पांढरट भागात असतं. सागवानाचा गाभा तिला मानवत नाही. पट्टी आतल्या बाजूने बघा. सगळी भोकं एका फिकट पट्ट्याच्या आतच रांगेने असतील, तर नुकसान तेवढ्यापुरतं आहे. दोन इंच जाडीच्या पट्टीत अर्धा इंच पांढरं लाकूड खाल्लं गेलं तरी पलंग वजन पेलतो. हाच प्रकार आंबा किंवा रबरवूडच्या पलंगात असता तर आम्ही नको म्हटलं असतं, कारण तिथे किडीपासून सुरक्षित असा वेगळा गाभाच नसतो.

कीड जिवंत निघाली आणि तरी पलंग घ्यायचा असेल, तर उपचार घरात आणण्यापूर्वी करा. पॉलिशवरून औषध लावून उपयोग नाही, ते आत उतरतच नाही. ती पट्टी घासून उघडी करावी लागते. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यात केलेलं द्रावण ब्रशने दोन-तीन हात, मधे सुकू देत, आणि भोकांत सिरिंजने. रॉकेल ओतण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. ज्या अळीला ते लागतं ती मरते, खोलवरची वाचते, वास महिनोन् महिने जात नाही आणि त्यावर पॉलिश धरत नाही. वर, पलंग घरात आणि देवघराचा दिवाही घरात. रॉकेल नकोच.

पाट, चौरंग, देव्हाऱ्याचा छोटा भाग अशा लहान वस्तूंना औषधाचीही गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार लाकडावर दव धरतं.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, 'उचलून बघा, किती जड आहे, अस्सल बर्मा टीक.' हे पटण्यासारखं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सागवान मुळात फार जड लाकूडच नाही. सहा फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी धरा, म्हणजे अर्धा घनफूट. सुक्या सागवानाची अशी फळी साधारण नऊ किलो भरते. आंब्याची जवळपास तेवढीच. शिसवीची बारा किलो. शिवण झाडाच्या लाकडाची सात. आणि एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या बोर्डाची? दहा-साडेदहा किलो, म्हणजे सागवानापेक्षा जास्त. जडपणा हा पुरावा मानला तर भुशाचा बोर्ड सागवानाला हरवतो.

वस्तू भरीव लाकडाची आहे की वर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलं आहे, हे आधी ठरवा. वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवरून खाली उतरते का बघा. भरीव फळीत वर दिसणारी रेषा टोकाला जाऊन तिथल्या वलयांना मिळते. विनियरमध्ये ती कडेला अचानक तुटते आणि कडेवर वेगळीच पट्टी असते. त्याहून सोपी जागा म्हणजे कुलपाचं भोक. किल्ली जाते त्या भोकात टॉर्च मारा. प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड असेल तर आतल्या भिंतीवर थर दिसतात. तिथे पॉलिश करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. बिजागरीची खाच आणि मुठीच्या स्क्रूचं भोकही असंच बोलतं. जुन्या चांगल्या कामातही विनियर असतं, तेव्हा विनियर म्हणजे फसवणूक असं समजू नका. फसवणूक होते ती भरीवचा भाव लावला तर.

सागवान आहे का, हे खणाच्या मागच्या फळीच्या टोकावर बघा, तिथे पॉलिश नसतं. पॉलिश पेपर दोनदा फिरवा. भिंगाखाली बारीक छिद्रांच्या ओळी दिसतील, वाढीच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ठिपक्यांच्या माळेसारखी. हाताला किंचित तेलकटपणा लागतो आणि घासलेल्या जागेला जुन्या चामड्यासारखा वास येतो. आंब्यात ही माळ दिसत नाही, छिद्रं विखुरलेली असतात. शिवण फिकट पिवळट आणि हलकी असते, रंग देऊन ती सागवान म्हणून खपवतात. शिसवीत जांभळट तपकिरीवर काळ्या रेघा असतात आणि घासल्यावर गोडसर वास येतो.

राहिला 'बर्मा'. पॉलिश झालेल्या कपाटावरून ते लाकूड ब्रह्मदेशाचं, दांडेलीचं की बल्लारशाच्या डेपोतून उचललेलं, हे नुसत्या नजरेने कुणालाही सांगता येणार नाही. बारकाईने बघितलं तर ते सागवान आहे एवढं ठरतं. त्या शब्दासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. त्याऐवजी पांढरट लाकूड किती आहे, गाठी कुठे आहेत, फळ्या किती रुंद आणि एकसंध आहेत, हे बघा. दीड फूट रुंदीची एकच फळी असेल तर तिला खरोखर भाव आहे, कारण तेवढ्या घेराचा साग आता सहज मिळत नाही.

प्रश्न : इराणी हॉटेलांत असायच्या तशा गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्या मिळत आहेत. बैठक वेताची आहे. खऱ्या आहेत की नकला, आणि टिकतील का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : या घाटाचं मूळ जर्मन-ऑस्ट्रियन फर्निचरकार मिखाएल थोनेट यांच्या १८५९ च्या चौदा नंबरच्या खुर्चीत आहे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच ती खुर्ची. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जहाजाने जगभर गेली. लाकूड युरोपातल्या बीच झाडाचं, वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवलेलं.

खरी की नक्कल, हे लाकडाची रेषाच सांगते. पाठीच्या कमानीवर बोट ठेवून रेषेच्या मागे मागे जा. वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळते आणि पाठीची कमान व मागचे दोन्ही पाय हा एकच अखंड दांडा असतो. करवतीने कापून केलेल्या नकलेत रेषा वळणाला आडवी छेदून बाहेर पडते आणि कमानीत एक-दोन जोड असतात. अशी कमान नेमकी तिथे तुटते जिथे रेषा आडवी गेली आहे. अस्सल खुर्चीत बैठकीच्या उंचीला जोड दिसला तर ती एकदा मोडून सांधलेली आहे.

खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदाच्या लेबलाचा अवशेष सापडतो का बघा. त्यावर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असेल तर खुर्ची १९१८ नंतरची, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. त्याच कड्याला एका ठिकाणी लांब तिरका जोड असतो. तो उघडला असेल तर बैठक ढिली पडते. कमानीच्या बाहेरच्या वळणावर नख फिरवा, लाकडाचे तंतू उचकटलेले असतील तर नख अडकतं. बीच भुंग्याला फार आवडतं, त्याला सागवानासारखा वाचणारा गाभा नाही. तेव्हा सांगलीच्या पत्रात दिलेली भोकांची तपासणी इथे दुप्पट काळजीने करा.

मग बसून बघा, आणि बसल्यावर कमरेतून डावी-उजवीकडे पिळा. सरळ बसून डळमळ कळत नाही. आवाज आला तर स्क्रू आवळून पुन्हा बसा. स्क्रू आवळूनही गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालं आहे. ते लाकडाची खुंटी ठोकून, नव्याने भोक पाडून नीट होतं.

वेत बघताना कड्यावर भोकांची रांग आहे का ते बघा. भोकं असतील तर वेत हाताने एकेक पट्टी ओवून विणलेला आहे, आणि पुन्हा विणायला कारागीर लागेल. भोकं नसून कडेने खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली आहे, ते काम बरंच सोपं. वेत नुसता सैल असेल, तुटलेला नसेल, तर खालून गरम पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने चांगला भिजवा आणि खुर्ची सावलीत रात्रभर ठेवा. वेत सुकताना आवळतो. वरून भिजवू नका, वरची बाजू गुळगुळीत असते आणि पाणी शोषत नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून जुनं जेवणाचं गोल टेबल आणि एक काचेचं कपाट नागपूरला आणायचं आहे. तिकडचं लाकूड इथे तडकतं असं सगळे म्हणतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तडकू शकतं, आणि कारण साधं आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. कोकणातल्या दमट हवेतून विदर्भाच्या उन्हाळ्यात गेलेल्या सागवानाचा ओलावा सहा टक्क्यांनी उतरला, तर दीड फुटी फळी तीन ते पाच मिलिमीटर अरुंद होते. तेवढं आकसायला तिला जागा मिळाली तर काही होत नाही. म्हणून कपाटाच्या दाराचं पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं आहे का ते बघा. दोन्ही तळहात पॅनेलवर ठेवून बाजूला सरकवा, किंचित हललं तर उत्तम. कुणी 'खडखडतंय' म्हणून ते डिंकाने किंवा चुकांनी (बारीक खिळ्यांनी) पक्कं केलं असेल, तर नागपुरात पहिल्या मे महिन्यात मधोमध चीर पडेल. चुका काढून, डिंक सोडवूनच न्या. टेबलाची फळी खालून कशी धरली आहे तेही बघा. लांबट भोकांतून स्क्रू असतील तर फळीला हलायला वाव आहे.

गोल टेबल मोजूनही बघा. एकदा रेषेच्या दिशेने, एकदा आडवं. जुनं भरीव टेबल आडवं दोन-चार मिलिमीटर कमी भरतं. तीन फुटांचं टेबल दोन्हीकडून काटेकोर सारखं भरलं तर ते प्लायचं असण्याचा किंवा वरची फळी अलीकडची असण्याचा संभव धरा.

सामान पावसाळ्यात किंवा थंडीच्या तोंडाला न्या, म्हणजे ते हळूहळू सुकेल. पहिले काही महिने एसीच्या झोतात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावू नका. चीर पडलीच तर ती लगेच भरू नका. उन्हाळ्यात भरलेली चीर पावसाळ्यात लाकूड फुगलं की शेजारचं लाकूड फोडते. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, मग काय ते करा.

प्रश्न : आजोळची नक्षीदार शिसवी पेटी अमेरिकेला न्यायची आहे. गोव्यातून एक जुनी शिसवी खुर्चीही घेऊन सोबत पाठवायचा विचार आहे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : खुर्चीचे पैसे देण्याआधी दोन कायदे समजून घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती स्वतःच्या घरातली का असेना. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. दुकानदाराने अभिमानाने लिहून दिलेलं 'सव्वाशे वर्षं जुनी' हे बिल सीमाशुल्कात तुमच्याच विरुद्ध जाईल.

दुसरा मुद्दा लाकडाचा. शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडते, ती २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना १० किलो लाकडापर्यंत सूट आहे, पण पेटी आणि खुर्ची सहज त्यावर जातात, आणि मग परवाना लागतो. पाठवताना खोक्याचं लाकूडही ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं. पेटी घराण्याची आणि शंभरीच्या आसपासची असेल तर ती इथेच कुणा भावंडाकडे ठेवावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : जुन्या पलंगातून ढेकूण येतात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येतात, आणि लाकडाच्या किडीपेक्षा ते घालवणं अवघड. गादी ज्या पट्ट्यांवर टेकते त्यांच्या फटी, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, स्क्रूची भोकं आणि वेताच्या गाठी टॉर्चने बघा. शाईसारखे बारीक ठिपके, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पिवळट कात आणि साखरेच्या दाण्यापेक्षाही लहान पांढरी अंडी या खुणा. जुनं व्हिजिटिंग कार्ड फटीतून फिरवा, बाहेर काय येतं ते पांढऱ्या कागदावर झटका. पलंग सहा महिने रिकामा पडून आहे, हे आश्वासन पुरेसं नाही. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहतो.

प्रश्न : भाचीच्या बाळासाठी जुना लाकडी पाळणा घेतेय. गजांचा, पांढऱ्या ऑइलपेंटचा आहे. घासून पुन्हा रंगवून घेऊ ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरी घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, आणि बाळं तर गज चावतातच. रंग काढायचाच असेल तर सुताराकडून, घराबाहेर, रसायनाने मऊ करून ओला खरवडून घ्या, आणि गरोदर बाई तिथे नको.

त्याआधी दोन गजांमधलं अंतर मोजा. ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं, तो पाळणा बाळासाठी घेऊ नका. अंतर ठीक असेल तर प्रत्येक गज मुठीत धरून फिरवा, एकही फिरता कामा नये. मग टांगायच्या कड्या बघा. आतल्या बाजूने झिजून अर्ध्या झालेल्या कड्या बाहेरून धड दिसतात, म्हणून पाळणा उतरवून कडी मोकळी करूनच तपासा आणि शंका आली तर चारही नव्या घ्या.